हवा पोचायला टाइम लागतो

आमच्या ह्यांना आजही कोणी विचारलं, की तुमच्या हातून निघालेला सगळ्यात चांगला फोटो कोणता, तर ते काचेच्या कपाटातल्या एका म्हातारीकडे बोट दाखवतात. बोळकं उघडून, डोळे मिटेपर्यंत हसणारी म्हातारी. तो फोटो त्यांनी काढलेला नाही, मी काढलाय. हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मी सांगून पाहिलं तेव्हा काय झालं ते शेवटी येईलच.

माझं माहेर वाटूर. फाट्यावर माझ्या वडिलांचं सायकलचं पंक्चर काढायचं दुकान होतं. रबर, सोल्युशन, घमेल्यातलं पाणी यांच्यात माझं लहानपण गेलं. ह्यांचं स्थळ आलं तेव्हा वडील खूश झाले. मुलगा कुंभार पिंपळगावात फोटोग्राफर, सावलीतलं काम, हाताला काळं लागत नाही. एक्क्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला मी लग्न होऊन त्या सावलीत आले.

बाजाराच्या गल्लीत दुकान. पुढे काउंटर आणि काचेचं कपाट, मधे फोटोची खोली, मागे आमचं घर. फोटोच्या खोलीत दोन मोठे दिवे आणि मागच्या भिंतीवर एक रंगवलेलं तळं. तळ्यात हंस. पिंपळगावातल्या कोणीही हंस पाहिलेला नव्हता, पण त्याच्यापुढे बसल्याशिवाय फोटो काढल्यासारखं कोणाला वाटायचं नाही.

पुरुषांचे फोटो बरे निघायचे. बायांचे फोटो पाहवत नसत. सासरा नाहीतर दीर दारात उभा, समोर परका माणूस कॅमेऱ्याला डोळा लावून वाकलेला, त्यात ह्यांचा आवाज, "पदर मागं घ्या, मान वर, हालू नका." ठाण्यात आणल्यासारखे चेहरे यायचे. मुसलमान बाया तर बुरखा घालून यायच्या आणि तशाच परत जायच्या.

अशात मोहल्ल्यातल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. सगळे त्यांना दादीमाँ म्हणायचे. त्यांना हजला जायचं होतं आणि त्यासाठी फोटो लागणार होता. मुलगा सोबत. दादीमाँ स्टुलावर बसल्या, ह्यांच्याकडे नकाबाच्या जाळीतून पाहिलं आणि उठल्या. म्हणाल्या, "अल्ला के घर जा रई मैं. और शुरुआत गैर मरद को मुँह दिखा के करूँ?"

मुलगा रडकुंडीला आला. मग ह्यांना सुचलं, आणि सुचलं ते चांगलंच होतं, त्याचं श्रेय मी देते. मोठ्या ग्रुप फोटोत आपल्यालाही उभं राहता यावं म्हणून त्यांनी एक लांबलचक रबरी नळी आणून ठेवली होती. एका टोकाला मुठीत मावेल असा रबरी फुगा, दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्याच्या बटणात फिरवून बसवायची धातूची पिन. फुगा दाबला की हवा नळीतून जाते, पिन खाली सरकते, फोटो निघतो. ह्यांनी कॅमेरा स्टँडवर लावला, मला चुलीपुढून उठवून आणलं, मधे दोन चादरी बांधल्या आणि नळी चादरींखालून बाहेर घेतली. मी आत, ते बाहेर. दादीमाँनी नकाब वर केला, मी त्यांचे केस सारखे केले, "हं" म्हटलं, आणि बाहेरून त्यांनी फुगा दाबला.

फोटो छान आला. दादीमाँ हज करून आल्या, मला खजूर दिले, आणि मोहल्ल्यातल्या घराघरांत सांगितलं की पिंपळगावात एक दुकान आहे जिथे मरद आत येत नाही.

तिथून बायांची रीघ लागली. मुसलमान आल्या, मग मराठ्यांच्या सुना आल्या, स्थळाला पाठवायच्या फोटोसाठी पोरी आल्या, बाजाराच्या दिवशी खेड्यांतून म्हाताऱ्या आल्या. मी जाड निळ्या कापडाचा, दुहेरी, जमिनीला टेकणारा पडदा शिवला. त्याच्याखालून ती काळी नळी जायची. आत आलेली प्रत्येक बाई पहिल्यांदा नळीकडे बघायची. ती कुठून निघते, कुठे जाते, पलीकडे कोण आहे, सगळं नीट विचारून घ्यायची. काही वस्ताद होत्या. नळीवर पाय ठेवून म्हणायच्या, "ठिवू का दाबून? बघू तुमचा नवरा काय करतो." मग आतल्या आत हसू, आणि बाहेरून ह्यांची हाक, "काय चाललंय?"

आठ-पंधरा दिवसांतच मी ह्यांना म्हटलं, "फुगा माझ्याच हातात द्या की. आत मीच असते, चेहरा मला दिसतो. तुम्ही आंधळ्यासारखं दाबता."

"फोटो कोन काढतं?" ते म्हणाले. "जो दाबतो तो. उद्या लोक म्हंतील, बायको फोटो काढती अन् नवरा भाईर बसून चहा पेतो. बाईनं काढलेल्या फोटूला कोन इचारतंय? तू फक्त हं म्हन."

झालं. दिवे मी लावायचे, पदर मी सारखा करायचा, रडवेल्या पोरीला मी हसवायचं, रीळ मी पुढे सरकवायचं. आणि फोटो त्यांचा, कारण त्यांनी पडद्यापलीकडे एक फुगा दाबला. इतकंच काय, नेम बसवण्यासाठी रोज सकाळी मला त्या स्टुलावर बसवायचे. कॅमेऱ्यातून माझ्याकडे बघत काच फिरवायचे, अंतर जमलं की "ऊठ" म्हणायचे. मी एकदा म्हटलं, आता बसलेच आहे तर एक काढा. "रीळ वाया जातं," म्हणाले. हंसांच्या तळ्यापुढे माझ्याइतकं कोणी बसलं नसेल, आणि तिथला माझा एकही फोटो नाही.

मग एका मे महिन्यात एक पोरगी आली. स्थळासाठी फोटो हवा होता. बाप बाहेर काउंटरपाशी, पोरगी आत थरथरत. मी तिच्या मैत्रिणींचं काहीतरी विचारलं, ती जरा सैल झाली, ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मी "हं" म्हटलं. काहीच झालं नाही. पुन्हा "हं". नाहीच. हसू निसटायला लागलं होतं. मी नळीचं टोक धरून बटणच बोटानं खाली दाबलं. खट्ट.

"आला का?" बाहेरून.

"आला."

संध्याकाळी मी नळी बादलीतल्या पाण्यात बुडवली आणि फुगा दाबला. पिनेजवळ बुडबुडेच बुडबुडे. दिव्यांच्या धगीनं रबर कडक होऊन चिरलं होतं. पंक्चरवाल्याच्या पोरीला आणखी काही सांगावं लागत नाही. एवढंसं सोल्युशन, एवढासा तुकडा, दोन मिनिटांचं काम. मी उठले ते ह्यांना सांगायलाच. पण काउंटरवर त्या पोरीचा बाप पुन्हा आला होता, आणि हे त्याला सांगत होते, "काळजीच करू नका. असं बराबर टायमाला दाबलंय ना. न दिसता दाबायचं म्हंजी अंदाज लागतो."

मी परत आत आले. नळी पुसली आणि जागेवर लावली. पंक्चर काढलं नाही. पुढे कधीच काढलं नाही, आणि त्याचा मला तेव्हाही पस्तावा नव्हता, आजही नाही.

त्यानंतरचे बायांचे सगळे फोटो माझे. मी सवडीनं "हं" म्हणायचे, बाहेर ते फुगा दाबत राहायचे, आणि मी वाट बघायचे. चेहरा उघडण्याचा एक क्षण असतो. बाई फोटोसाठी बसलीय हे विसरते तो क्षण. तो आला की माझं बोट खाली जायचं. कधी तो लगेच यायचा, कधी बराच उशिरा. ह्यांना तो उशीर कळायचा. पण हार मानतील तर ते हे कसले! त्यांनी त्यावरही शास्त्र काढलं. शेजारच्या गावाहून एक फोटोग्राफर ही तऱ्हा बघायला आला होता, त्याला मी माझ्या कानांनी ऐकलं सांगताना, "नळी लांब हाये ना. हवा पोचायला टाइम लागतो. तेवढा हिशोब करून आधीच दाबावं लागतं. हे कोनी शिकवत न्हाई." तो माणूस शाळेतल्या पोरासारखा मान डोलवत होता. मी पडद्याआड पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होते.

हसू यायचं आणि जळायचंही. गावभर एकच बोललं जायचं, बायांचा फोटो काढावा तर ह्यांनीच. मी भाजी घ्यायला गेले की बाया सांगायच्या, "तुमच्या मालकाचा हात लई भारी." मी म्हणायचे, "हो, हात भारी आहेच." काय म्हणणार?

ती कपाटातली म्हातारी त्याच काळातली. मोठ्या शेतीवाल्याच्या घरची, गावात दरारा असलेली बाई. सून बाहेर उभी. म्हातारी माझ्याकडे वाकून म्हणाली, "मालक गेले तवा मी लई रडले बग. पर खरं सांगू का? रातच्याला झोप लई झकास लागली." आणि ती जी हसली! तोंडात दात नाही, डोळे गेले सुरकुत्यांत. मी दाबलं. हातात फुगा घेऊन पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ती हे बोलली असती का? तो फोटो धुऊन आला तेव्हा हे बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जमलं बरं का मला." मोठा करून कपाटात लावला.

नव्वदीचं दशक संपत आलं आणि जुना कॅमेरा अडकायला लागला. नवा घ्यायला हे जालन्याला निघाले. चपला घ्यायच्या म्हणून मीही गेले. चपला हा बहाणा होता. नव्या कॅमेऱ्यात माझं बोट कुठे राहणार, ते मला बघायचं होतं.

दुकानदारानं कॅमेरा दाखवला. रीळ आपोआप पुढे सरकणारा, नेमही आपोआप धरणारा. जुना देऊन बदल्यात काय पडेल ते ठरलं. मग ह्यांनी विचारलं, लांबून दाबायला काय आहे. त्यानं दोन वस्तू काउंटरवर ठेवल्या. एक वायरची. लांब वायर, टोकाला बटण. दुसरी काडेपेटीएवढी काळी डबी, बिनतारी. त्याने डबी कॅमेऱ्यासमोर धरून दाबली. खट्ट. ह्यांचे डोळे चमकले.

मी विचारलं, "वायर लावली तरी कॅमेऱ्यावरचं बटण चालतं का?"

"चालतं ना भाबी. दोन्ही चालतं."

"आणि ही डबी?"

"रिमोटवर ठेवला की कॅमेरा रिमोटचंच ऐकतो. वरचं बटण बंद."

मला हवं होतं ते कळलं. मी ह्यांना म्हटलं, "वायरची घ्या." हे माझ्याकडे बघायला लागले. खरं कारण सांगता येत नव्हतं, पण दुसरंही कारण होतं आणि तेही खोटं नव्हतं. "बाया आत आल्या की नळीकडे बघतात. ती कुठं जाते ते त्यांना दिसतं, म्हणून त्या निवांत बसतात. हवेतून कोण काय दाबतंय ते त्यांना कसं कळायचं?"

"तारेचा जमाना गेला आता," ते म्हणाले. "आता चपलांचं बघ तू."

दुकानदार हसला. डबी बांधून घेतली. मी चपला न घेताच एसटीत बसले.

पिंपळगावात पहिल्याच दिवशी फजिती झाली. मी आत, बाई स्टुलावर, हे बाहेर. "हं." काही नाही. "आला का?" "नाही." आणि या खेपेला ते खरंच होतं. डबीतून काय निघतं ते मला माहीत नाही, पण ते टीव्हीच्या रिमोटसारखं समोरून लागतं आणि कापडातून जात नाही. माझा पडदा तर दुहेरी. त्यांनी पडद्याखालून हात घातला, कडेनं घातला. जमेना. त्यात कॅमेऱ्याचा तो डोळा पुढच्या बाजूला. म्हणजे डबी धरायची तर बाई बसते त्या बाजूनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरून आले तर हे कात्री घेऊन पडद्यापाशी. स्टुलाच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, रुपयाएवढं भोक पाडून झालं होतं.

"हे काय केलं?"

"डबीचं तोंड बसंल एवढंच हाये."

"बायांना दिसेल ते."

"मंग? मी काय डोळा लावून बसनार हाय का?"

"तुम्ही बसणार नाही हे मला माहीत आहे. त्यांना कुठं माहीत आहे? त्यापेक्षा ती डबी माझ्याकडे द्या. मी आतूनच दाबते, भोक लागतच नाही."

आता विचार केला तर इतकी सोपी गोष्ट होती. एक काळी डबी बायकोच्या हातात द्यायची. पडदा शाबूत, दुकान शाबूत, बायांचा विश्वास शाबूत. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "पुन्ना तेच. तू हं म्हन."

काही दिवस गेले. फोटो वाईट यायला लागले. मिटलेले डोळे, अर्धवट उघडी तोंडं, पदर धरायला पुढे आलेला माझा हात. मी "हं" म्हटलं रे म्हटलं की खट्ट. आता हवा पोचायला टाइम लागत नव्हता ना.

मग एक दिवस दादीमाँच्या घरची नातसून आली. दादीमाँ वारल्या होत्या. ही नव्या लग्नाची, ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. तिनं बुरखा काढून खुंटीला लावला, केस मोकळे करून पुन्हा बांधायला लागली. बाहेर हे डबीचा सेल बदलत होते, म्हणून भोक रिकामं होतं आणि त्यातून बाजाराच्या गल्लीतला उजेड येत होता. तिचे हात केसांतच थांबले. ती उठली, पडद्याजवळ गेली आणि भोकात बोट घालून पाहिलं. बोट आरपार गेलं. बाहेर ह्यांचा खाकरण्याचा आवाज आला, अगदी जवळून.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बुरखा घातला, आणि माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "भाबी, तुम हैं करके आते थे हम."

बाहेरच्या माणसाला ती एक शब्द बोलली नाही. जे बोलायचं ते मला बोलून गेली. मी त्या भोकावरून ह्यांच्याशी भांडले होते, हे तिला कुठून माहीत असणार?

चार दिवसांत गावभर झालं. मोहल्ला बंद झाला तो बंदच. मग बाकीच्यांनीही पाठ फिरवली. दुकानाचं नाव पडलं, भोकाचा स्टुडिओ. बाजारात माझ्याशी हसून बोलणाऱ्या बाया मेथीची जुडी निवडत राहायच्या, मान वर करायच्या नाहीत. मी भोकाला ठिगळ लावलं, तर ठिगळ लांबूनच दिसायचं. नवा पडदा शिवला. त्याला भोक नव्हतं, पण तो बघायला आत कोण येणार? बाया अंबडला जाऊन फोटो काढायला लागल्या.

हे म्हणाले, "बायांची जातच शंकेखोर." आणि मग, "तूच त्यांना बराबर समजून सांगितलं न्हाई."

त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढलं, पण त्यांच्यासमोर बसले नाही. पुढेही बरेच दिवस बसले नाही. राग धंदा बुडाल्याचा नव्हता. माझं म्हणून या घरात एकच काम होतं, तेही चोरून केलेलं, आणि ते त्यांनी रुपयाएवढ्या भोकातून घालवलं होतं. तरीही चूक माझीच.

आता दुकानात झेरॉक्स आहे, मोबाइलचं रिचार्ज आहे. फोटोची खोली गोदाम झाली. हंस भिंतीवर पोपडे धरून आहेत. कपाटातली म्हातारी मात्र तिथेच.

गेल्या दिवाळीनंतर ती म्हातारी वारली, चांगली पिकून. तिचा नातू आला. आजीचा हाच फोटो मोठा करून हवा, घरात दुसरा असा एकही नाही, म्हणाला. "काका, असं हसताना आजीला आम्हीबी पाह्यलं न्हाई. कसा काढला तुम्ही?"

हे खुर्चीत सरसावून बसले. "पडद्याभाईरून. मला ती दिसतबी नव्हती. लांब नळी, हवा पोचायला टाइम लागतो. त्या हिशोबानं..."

मी आत गेले. जुना कॅमेरा बदल्यात गेला तेव्हा नळी माझ्याकडे राहिली होती. नव्याला ती बसत नव्हती. ट्रंकेतून काढली, घंगाळात पाणी घेतलं, आणि दोन्ही आणून त्यांच्यापुढे काउंटरवर ठेवलं. पिनेचं टोक पाण्यात बुडवलं, फुगा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "दाबा."

त्यांनी दाबला. बुडबुडे आले. पिन हलली नाही.

"ही म्हातारी बसली होती तेव्हाही अशीच होती," मी म्हटलं. "त्याच्याआधी कित्येक दिवस अशीच होती. बटण मी दाबायचे. हिचा पण मीच काढलाय."

नातू एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला. ह्यांनी फुगा पुन्हा दाबला. पुन्हा बुडबुडे. त्यांनी नळी पाण्यातून काढली, पिनेजवळची चीर अंगठ्यानं चाचपली. मला वाटलं, आता. इतक्या वर्षांनी का होईना, आता.

"किती वर्सं ट्रंकेत पडलीय," ते नातवाला म्हणाले. "रबर हाये, चिरनारच. तवा बराबर व्हती."

नातवानं मान हलवली. सुटल्यासारखा हसला. "तुमचा हातच तसा व्हता काका," म्हणाला.

चार दिवसांनी फोटो मोठा होऊन आला. हे जेवायला घरात गेले होते. मी म्हातारीला एकदा नीट पाहिलं, पाकिटात घातलं आणि पाकिटावर नेहमीप्रमाणे ह्यांच्या नावाचा शिक्का मारला. शिक्के मारायचं काम पहिल्यापासून माझंच आहे.